ज्याचा बिल्ला त्याने काढावा

त्या सकाळी मी साइटवर गेले ती भांडायला. त्यात विशेष काही नाही. बांधकामावर सुरक्षा बघणारी बाई म्हणजे पगारी भांडखोर. हेल्मेट घाल, पट्टा बांध, त्या वायरवर पाय देऊ नकोस, मेलास तर तुझ्या घरी निरोप मलाच द्यावा लागेल... दिवसभर तोंड चालू. लोक समोर मला मॅडम म्हणायचे आणि पाठ वळली की हेल्मेटबाई. त्या दिवशीचं भांडण आग विझवायच्या सिलिंडरांवरून होतं. पाहुणे येणार म्हणून कोणीतरी ते सगळे कपाटात कोंबून किल्ली घेऊन गेलं होतं. चहाच्या आधी एवढं निस्तरायचं, इतकाच माझा बेत.

दिवा असाच राहू द्या, विझवू नका. सांगते ना.

शहराच्या ऐन मध्यात रेल्वेचं जुनं यार्ड होतं, कित्येक वर्षं बंद पडलेलं. भिंतीपलीकडून दिवसभर माणसांची वर्दळ, आणि भिंतीच्या आत नुसतं गवत, गंज आणि कबुतरं. तिथे आता नवंकोरं सगळं उभं राहायचं होतं. इंजिनं दुरुस्त करायची लांबलचक शेड होती, तिची ऑफिसं. माल उतरवायच्या गोदामाचं हॉटेल. आणि या दोघांच्या मध्ये लोकांना येऊन बसायला मोठा चौक. चौकाच्या मधोमध टेबल.

टेबल म्हणजे इंजिन फिरवायचं टर्नटेबल. जमिनीत एक प्रचंड गोल खड्डा आणि त्याच्यावर आडवा लोखंडी पूल. इंजिन पुलावर आणून उभं करायचं, पूल हळूहळू फिरवायचा, आणि इंजिनाचं तोंड हव्या त्या रुळाकडे वळवायचं. आमच्या प्रोजेक्टवाल्या साहेबांच्या डोक्यातून निघालं की या पुलावर लाकडी फळ्यांची गोल जमीन टाकायची, खाली मोटर बसवायची आणि त्याचा फिरता रंगमंच करायचा. वर गाणी होतील, मुलं बागडतील. फळ्या बसवल्या आणि तेव्हापासून खालच्या खड्ड्यात भर दुपारीसुद्धा डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

खाली उतरायला एका बाजूने दगडी पायऱ्या होत्या. त्यांच्या तोंडाशी भिंतीवर एक लाकडी पाटी, पाटीला लोखंडी आकड्यांची रांग, आणि वर रंग उडालेली अक्षरं: ज्याचा बिल्ला त्याने काढावा. पूर्वी खाली उतरणारा माणूस आपला पितळी बिल्ला तिथे अडकवून जायचा आणि वर आला की स्वतःच्या हाताने काढायचा. पाटीवर बिल्ला आहे म्हणजे खाली माणूस आहे, आणि खाली माणूस आहे तोवर टेबल फिरवायचं नाही. मला हा नियम इतका पटला की मी तोच चालू ठेवला. आमच्या लोकांना नवे बिल्ले करून दिले, प्रत्येकाचा वेगळा. फक्त एका आकड्यावर एक जुना बिल्ला आधीपासूनच होता. काळा पडलेला, नंबर झिजून गेलेला. तो काढायला कोणी आलंच नव्हतं. ज्याचा आहे तो काढेल, असं म्हणून मीही त्याला हात लावला नव्हता.

तर सिलिंडरांचं भांडण उरकून मी टेबलापाशी आले, तो हॉटेलची इंटिरिअरवाली मॅडम पाटीसमोर पक्कड घेऊन उभी. या बाईला जुनं सगळं हवं असायचं, पण घासूनपुसून. तिला गंजसुद्धा हवा होता, फक्त कपड्यांना न लागणारा.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"किती गोड आहे ना हा! खोल्यांच्या किल्ल्यांना लावायला अगदी असेच बनवून घेणार आहे. नमुना हवाय."

"तो काढू नका. नियम वाचा वरचा."

"अहो, पण तो माणूस कधीच रिटायर झाला असेल."

"झाला असता तर बिल्ला घेऊन गेला असता," मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. मी पुढे व्हायच्या आत तिने पक्कड दाबली, आकडा तुटला आणि बिल्ला तिच्या हातात आला. त्याबरोबर खालून एक वास वर आला. तापलेल्या ग्रीसचा, कोळशाचा आणि घामाचा. वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या खड्ड्यातून इतका ताजा, जणू आताच कोणीतरी पाळी संपवून हात पुसतंय. मॅडमने नाकाला रुमाल लावला आणि बिल्ला पर्समध्ये टाकून निघून गेली. तिच्याबद्दल पुढे मला काही सांगायचं नाही. तिला काही झालं नाही. अशांना कधी काही होत नाही.

त्याच दिवशी दुपारी माझा धाकटा भाऊ खाली उतरला.

भाऊ आमच्याकडे वेल्डर होता. मीच चिकटवला होता, म्हणून रोज पस्तावत होते. हाताला जादू, तोंडाला गटार. सगळ्या साइटवर असा एक माणूस नव्हता की ज्याला त्याने शिव्या दिल्या नाहीत. मला तो 'हवालदार' म्हणायचा. लहानपणी मी त्याला अंधाऱ्या बोळातून शाळेत न्यायची, रस्ताभर ओरडत, तेव्हापासूनचं ते नाव. ताई म्हणून त्याने मला उभ्या जन्मात हाक मारली नव्हती. आणि तो चांगला माणूस नव्हता, हेही आत्ताच सांगते. घरी बायकोवर हात टाकायचा. एकदा तिचं मनगट मोडलं. त्या रात्री मी त्याला घराबाहेर काढलं होतं, पोलिसात जाईन म्हटलं होतं. तो दारात बसून राहिला, रडला, शपथा घेतल्या. भावजयीनेच दार उघडलं. पुन्हा तेच. त्यांची सहा वर्षांची पोरगी अंगापिंडाने आईची, पण जिभेने थेट बापाची. तिला आंघोळीला न्यायचं म्हणजे सगळ्या चाळीला कळायचं. मी तिच्यावर जीव टाकायची, आणि खोटं कशाला बोलू, त्याच्यावरही.

"हवालदार, तुझा तो लहान पोरांचा खेळ लटकवला बरं का," बिल्ला अडकवत तो म्हणाला. मास्क डोक्यावर चढवला आणि शिट्टी वाजवत उतरला.

मी वर उभी राहिले. खालच्या एका तुळईचा जोड द्यायचा राहिला होता, अर्ध्या तासाचं काम. फळ्यांच्या फटींतून वेल्डिंगचा निळा उजेड मधूनमधून चमकत होता. चरचर ऐकू येत होती. आणि त्या चरचरीत दुसरा एक आवाज मिसळला होता. ठोकण्याचा. हातोडीने लोखंडावर, संथ, सवयीच्या हाताने. मला जरा वेळाने जाणवलं. एका माणसाला वेल्डिंग आणि ठोकणं एकदम करता येत नाही.

मी पायरीवर वाकले. "ए! कोणाला घेऊन गेलायस बरोबर? बिल्ला एकच आहे!"

चरचर थांबली. ठोकणं चालूच राहिलं.

"मी एकटाच आलोय," खालून आवाज आला. मग जरा थांबून, "याला तूच पाठवलंस ना?"

"कोणाला?"

"हा... पलीकडे बसलाय तो."

ठोकणं थांबलं.

"हवालदार..." त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "हा माझ्याकडे बघतोय..."

मी ओरडले, वर ये, आत्ताच्या आत्ता वर ये. फटींतला उजेड गेला होता. वर चौकात फरशी कापायचं मशीन किंचाळत होतं, सुतार हसत होते, ऊन रणरणत होतं. आणि माझ्या पायांखाली इतकी शांतता की माझाच श्वास मला मोठा वाटू लागला. मग पायऱ्यांवर पावलं वाजली. हळू, एकेक पायरी नीट मोजूनमापून. अंधारातून डोकं वर आलं, खांदे आले. माझा भाऊच होता.

"झालं काम, ताई," तो म्हणाला. "तू उन्हात कशाला उभी राहिलीस?"

 तो शांतपणे माझ्याजवळून, पाटीजवळून पुढे निघाला.

"बिल्ला," मी कशीबशी म्हणाले. "बिल्ला काढ."

तो वळला. पाटीकडे त्याने बघितलं नाही. माझ्याकडे बघून हसला, इतकं गोड, की तसं हसणं त्याच्या चेहऱ्यावर मी कधी बघितलं नव्हतं.

"तू काढ ना, ताई."

तो गेल्यावर मी टॉर्च घेऊन पायरीवर बसले आणि खाली झोत टाकला. खाली कोणी नव्हतं. केबल पडली होती, हातोडी कुठेच नव्हती. मधल्या खांबाशी त्याचा मास्क पडला होता, उताणा. मास्कच्या काचेवर आतून वाफ धरली होती. मी बघत होते. वाफ हळूहळू कमी झाली. मग पुन्हा धरली. पुन्हा कमी झाली.

घरात काय झालं म्हणाल, तर सोन्याचा संसार झाला. तो वेळेवर घरी यायचा. पाणी भरायचा, भांडी घासायचा. बाटली सुटली, शिवी सुटली. भावजय आधी दचकून असायची, दार वाजलं की तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. मग तिचे खांदे खाली आले. कितीतरी वर्षांनी मी तिला गुणगुणताना ऐकलं. शेजारपाजारचे मला म्हणायचे, भाऊ सुधारला हो तुमचा, नशीब काढलंत. फक्त पोरगी त्याच्याजवळ जात नव्हती. तो खोलीत आला की ती उठून माझ्या मागे येऊन उभी राहायची आणि त्याच्या पायांकडे बघत राहायची.

आणि जेवणाच्या सुट्टीत, सगळी मशीनं बंद झाली की, टेबलाखालून आवाज यायचा.

पहिल्यांदा मला वाटलं माझाच भास. मग बघितलं, तर सुतार डबे उचलून लांब जाऊन बसायला लागले होते. एक गवंडी माझी नजर चुकवत म्हणाला, "मॅडम, खाली कोणीतरी शिव्या देतंय." मी पाटीशी जाऊन कान लावला. माझ्या भावाचा आवाज. दबलेला, लांबून आल्यासारखा. मला, साहेबांना, अंधाराला, सगळ्यांना आई-बहिणीवरून. ऐकताऐकता माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतकं घाणेरडं बोलणं कानाला इतकं गोड लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी माझा बिल्ला त्याच्या शेजारच्या आकड्याला अडकवला आणि उतरले.

खाली टॉर्चचा झोत हातभर पुढे जाऊन संपत होता. भिंत हाताला ओलसर लागली. ग्रीसचा वास इतका दाट की तो जिभेवर आला. मी मधल्या खांबापर्यंत चाचपडत गेले आणि उभी राहिले.

"आहेस का रे?" मी हळूच विचारलं.

"हवालदार..." अगदी कानाशी. मी हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. "दिवा लाव ना गं. किती वेळ झाला..."

"दिवा लागलाय."

"मग दिसत का नाही..."

मी टॉर्च आवाजाच्या दिशेने वळवला.

"माझा बिल्ला आहे ना वर?"

"आहे."

"काढू देऊ नकोस. तो निघाला की फिरवतील... तो आधीचा सांगत होता. ठोकत बसला होता तो. सांगत होता, बिल्ला आहे तोवर आपण आहोत."

"नाही काढू देणार. माझ्या मढ्यावरून काढतील."

 मग म्हणाला, "तिला सांग... परत हात नाही लावणार. पोरीची शपथ. फक्त मला इथून काढ म्हणावं."

वर येऊन मी माझा बिल्ला स्वतःच्या हाताने काढला.

संध्याकाळी मी भावजयीला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मला वाटलं ती मला वेड्यात काढेल. तिने काढलं नाही. घडी घालायची थांबवली नाही की माझ्याकडे बघितलंही नाही.

"मला ठाऊक आहे, ताई," ती म्हणाली. "पहिल्याच रात्री कळलं. यांच्या छातीला कान लावला तर आत काही वाजत नाही."

"मग?"

"मग काय?"

"अगं, तो खाली अंधारात बसलाय! शपथ घेतलीय त्याने, पोरीची."

तिने डाव्या हाताचं मनगट उजव्या हाताने धरलं. ते अजून नीट वळत नसे. "ही शपथ त्यांनी आधीही घेतली होती," ती म्हणाली. "तेव्हा तुम्हीही होतात तिथे."

  तो माणूस वाईट होता. पण वाईट होता म्हणून काय माझा नव्हता?

उद्घाटन जवळ आलं. टेबल फिरवून बघायचं तर पाटी रिकामी हवी, आणि मी पाटीसमोरून हलेना. मोटरच्या पेटीला माझं कुलूप घातलं. साहेब तावातावाने आले.

"मॅडम, तुमचा भाऊ हा इथे उभा आहे. आत्ता त्याने मला चहा आणून दिला. मग खाली कोण आहे?"

"त्याला सांगा ना बिल्ला काढायला. त्याचा आहे. एक क्षण लागेल."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. तो पुढे आला. हात वर केला, बोटं बिल्ल्याच्या अगदी जवळ नेली आणि तिथेच थांबवली. चेहऱ्यावर तेच हसू, पण कपाळावर घामाचा थेंबही नाही. रणरणत्या उन्हात आम्ही सगळे निथळत होतो.

"घरच्या माणसाने काढलेला बरा, साहेब," तो म्हणाला. "ताईने, नाहीतर आमच्या मंडळींनी."

साहेबांनी सुताराला सांगितलं, गवंड्याला सांगितलं. कोणी पुढे होईना. शेवटी साहेबांचा स्वतःचा हातही खिशातून निघाला नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं ना. पण माझ्या बाजूने बोलायला एकही माईचा लाल उभा राहिला नाही. उलट मला बघून तोंडं फिरवायला लागले, जणू त्या खड्ड्यात माणूस मीच टाकला होता.

उद्घाटनाच्या सकाळी चौक नटला होता. हॉटेलच्या दारात फुलं, ऑफिसांच्या काचांवर ऊन, टेबलाच्या कडेने वादक बसलेले. मी पहाटेपासून पाटीला पाठ लावून उभी होते. हेल्मेट घालून. बायका माझ्याकडे बघून हसत होत्या. साहेबांनी दोन गार्ड माझ्या दोन्ही बाजूंना आणून ठेवले.

मग ती तिघं आली. भावजय, पोरगी आणि तो. भावजयीने नवी साडी नेसली होती. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाजूला व्हा, ताई."

"अगं, तुझा नवरा आहे तो..."

"हो," ती म्हणाली. "माझाच आहे. म्हणून मीच काढते. तुमच्या हाताला पाप नको."

मी तिचा हात धरला, तर गार्डांनी माझे धरले. मी पाय झाडले, ओरडले, चावलेसुद्धा. पाहुण्यांना दिसू नये म्हणून कोणीतरी समोर फुलांचा स्टँड आणून ठेवला. ज्या बिल्ल्याला हात लावायला अख्खी साइट घाबरली, तो तिने कानातलं काढावं इतक्या सहज काढला आणि माझ्या मुठीत कोंबला. ती रडत होती. मी हे तिच्याविरुद्ध सांगत नाही, ती रडत होती. कुणीतरी कटर आणून माझं कुलूप तोडलं.

टेबल फिरलं. आवाजसुद्धा न करता, लोण्यासारखं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वादकांनी जोर धरला. माझ्या मुठीतला बिल्ला तापत गेला, इतका की कातडी भाजली, आणि मग एकदम थंड पडला. ही बघा खूण. गार्डांनी मला सोडून दिलं. आता माझी भीती कोणाला होती?

भावजय माझ्या शेजारी जमिनीवर बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही काही ऐकलंत?"

"नाही."

"मी ऐकलं... फिरायला लागलं तेव्हा. मला वाटलं शिव्या देतील. शिवी नाही दिली हो..."

"मग काय म्हणाला?"

"पोरीला त्याच्याजवळ देऊ नकोस म्हणाले."

आम्ही दोघी एकदमच उठलो. टेबलावर मुलांची झुंबड होती, तिच्यात पोरगी नव्हती. वादकांच्या मागे नव्हती, फुलांपाशी नव्हती. तोही नव्हता. माझी गार्डांशी झटापट चालली तेव्हा ती दोघं कधी सरकली, मला कळलंच नव्हतं. भावजयीने तिच्या नावाने हाक मारली, पुन्हा मारली, आणि तिसरी हाक अर्ध्यातच सोडली. कारण तेवढ्यात खालच्या पायऱ्यांवर पावलं वाजली. मोठी, आणि तिच्या बरोबरीने छोटी.

"खाली गंमत दाखवून आणली तिला," वर येत तो म्हणाला.

मी पाटीकडे बघितलं. सगळे आकडे रिकामे होते.

पोरगी त्याचा हात सोडून आली. केस चापूनचोपून बसलेले, फ्रॉकवर एक डाग नाही. भावजय तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. मी वाट बघत होते. पोरगी हात झटकेल, किंचाळेल, मला भूक लागलीय म्हणून पाय आपटेल. देवा, एक शिवी देऊ दे तिला, मी मनात म्हणत होते, बापाकडून शिकलेली कुठलीही.

पोरगीने आईच्या डोळ्यांखालचं पाणी बोटाने पुसलं.

"तू बस, आई," ती म्हणाली. "दमली असशील. घरातलं आता मी आणि बाबा बघतो."

टेबल अजून फिरत होतं. वादकांचा आवाज खूप मोठा होता, त्यामुळे खालून आणखी काही आलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. भावजय मात्र फळ्यांना कान लावून आडवी झाली होती, आणि तिला उठवायला चार माणसं लागली.